चोवीस भोकांचा डबा

माझ्या जावयाला एक वाईट खोड आहे. त्याला काही विचारलं की तो उत्तर देत नाही, समजावून सांगतो. चहात साखर किती घालू म्हणून विचारावं, तर साखर पोटात गेल्यावर काय काय करते ते ऐकावं लागतं. तोवर चहा गार, आणि साखर किती ते शेवटी राहतंच. माणूस बोलतो ह्याचा मला राग नाही, आमच्या घरात मुकं कोणीच नाही. पण ह्याच्या बोलण्यात समोरचा बसल्या जागी लहान होत जातो आणि हा खुर्चीत वर वर चढत जातो.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, जावईबापू म्हणते. कागदावर मला तेवढी सक्ती नाही.

मी शिकलेली नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटली. पुढे सगळा जन्म कपड्याच्या कारखान्यात काजाच्या मशीनवर गेला. शेवटी शेवटी अख्ख्या रांगेवर माझी नजर असायची, आणि माझ्या रांगेतून तिरकं काज बाहेर पडलं असं कोणी म्हणून दाखवावं. हे घर त्या काजांवर उभं राहिलंय. खाली मी, मुलगा आणि सून. वर लेक आणि जावई. स्वतःच्या फ्लॅटची दुरुस्ती होईपर्यंत म्हणून आले होते. दुरुस्ती कधीच झाली, फ्लॅट भाड्याने गेला, आणि जावई माझ्या गच्चीत खुर्ची टाकून बसतो. बसू दे बापडा. लेक डोळ्यांसमोर आहे, मला तेवढं पुरतं.

आता लेक आणि सून मिळून जे काम करतात ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॉलेजात एखादी मुलगी बहिरी असते. मास्तर काय बोलतात ते तिला ऐकू येत नाही. मग मास्तरांच्या कॉलरला माइक लावतात, त्यांचा आवाज इंटरनेटवरून आमच्या वरच्या खोलीत येतो, ह्या दोघी कानाला हेडफोन लावून ऐकतात आणि ऐकलेलं तिथल्या तिथे टाइप करतात. इकडे टाइप झालं की तिकडे त्या मुलीपुढच्या पडद्यावर अक्षरं उमटतात. मास्तर विनोद करतात, वर्ग हसतो, तीही हसते. किंचित उशिरा, पण हसते.

हे एकटीचं काम नाही, बोटंही दमतात आणि डोकंही. म्हणून पाळ्या लावतात. एक टाइप करते, दुसरी तिच्या चुका निस्तरते. दमली की खांद्याला बोट लावायचं, लगेच दुसरी सुरू. वाक्य अर्ध्यावर एकीच्या हातून दुसरीच्या हातात जातं आणि वाचणाऱ्याला शिवण कुठे आहे ते दिसत नाही. नणंद-भावजयीचं इतकं जुळलेलं मी दुसरं काही पाहिलेलं नाही. एरवी दोघी पंचा कोणी ओला केला ह्यावरून भांडतात.

लेक आधी एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होती. तिथे माणसं कमी केली, त्यात तीही गेली. घरी बसल्यावर तिचं काय झालं ते मी पाहिलंय. दुपार झाली तरी केस विंचरलेले नाहीत. भाजी कुठली करू ते नवऱ्याला विचारायला लागली. माझी लेक! जिने शाळेत असताना मुख्याध्यापकांना 'तुमचं चुकलं' म्हणून सांगितलं होतं, ती. मग सुनेने हे टायपिंगचं काम शोधून काढलं, आणि दोन-तीन महिन्यांत लेकीचा आवाज परत घरभर फिरायला लागला. किरकोळ तास मिळत होते. आता एका कॉलेजचं वर्षभराचं काम मिळण्यासारखं होतं. अट एकच होती. आधी एक तास पारखून बघणार. त्या तासात अक्षरं थांबली नाहीत तर काम ह्यांचं, थांबली तर दुसऱ्या कोणाचं. लेकीची भूक उडाली होती, त्यावरून मी काय ते ओळखलं.

अडचण वायरीची होती. इंटरनेटची पेटी खाली पुढच्या खोलीत. आमच्या भिंती अशा जाड की वायफाय जिन्यातच दम टाकतो. म्हणून खालून एक वायर वर नेलेली. वर मागणारे चौघे: लेकीचा कॉम्प्युटर, सुनेचा कॉम्प्युटर, कॉलेजशी बोलायचा फोन, आणि शेजारच्या खोलीत जावयाचा कॉम्प्युटर. आत्तापर्यंत कधी ह्याची काढ, कधी तिची लाव, असं चाललं होतं. एका वायरीला फाटे फोडणारा डबा मिळतो, त्याला स्विच म्हणतात. मी म्हटलं, दिव्याचं बटण? सून हसली आणि तिने मोबाईलवर चित्र दाखवलं. चपटा डबा, आपल्या साबणाच्या डबीहून जरा मोठा, अंगावर ओळीने भोकं.

"ताई, हा बरा," सून लेकीला म्हणाली. "आठ भोकं, लोखंडी अंग, आत पंखा नाही. लावला की चालू."

जावई दारात उभाच होता. चांगलं काही ठरत असलं की तो दारात उभाच असतो.

"भोकं नाही, पोर्ट म्हणा," तो म्हणाला. "आणि पंखा नाही? म्हणजे खेळणं आहे ते. ऑफिस चालवायचंय ना? मग ऑफिसचा स्विच लागतो. मी बघतो."

"तू नको बघूस," लेक म्हणाली, "साधं तर आहे."

"साधं वाटतं," असं म्हणून तो लेकीकडे बघून हसला. तसं हसू दवाखान्यात डॉक्टर लहान पोरांकडे बघून हसतात, सुई लपवताना.

मग त्याने बघायला घेतलं. जेवताना बघितलं, जेवल्यावर बघितलं. भिंतीवर एक तक्ता चिकटवला, त्यात रंग भरले. सुनेने मला विचारलं, "आई, हे स्विच आणतायत का स्विचशी लग्न लावतायत?" मी म्हटलं, "लग्न ह्यांनी इतकं बघून केलं असतं तर तुझ्या नणंदेला नाही म्हटलं असतं, ती बचावली असती." लेकीने ऐकलं, आणि ओठ दाबून दुसरीकडे बघितलं.

ह्याला एवढी हौस का, तेही सांगते. नोकरी विमा कंपनीत, ती आठवड्यातले निम्मे दिवस घरून. पण खरा जीव दुसरीकडे. नवी वस्तू आणायची, तिच्यावर भाषण करायचं, त्याचा व्हिडिओ काढायचा आणि इंटरनेटवर चढवायचा. बघतं कोण? त्याची मावशी बघते. तीसुद्धा पूर्ण बघत नसावी, कारण मिक्सरच्या व्हिडिओखाली तिने 'फ्रीज छान आहे' असं लिहिलं होतं. आठ भोकांच्या साध्या डब्यावर बोलणार काय आणि किती? भाषणाला मोठा डबा हवा होता. बायकोच्या कामाचं नुसतं निमित्त.

तास पारखायचा दिवस जवळ आला तेव्हा एकदाचा डबा घरात आला. कुठलीशी कंपनी बंद पडली होती, तिचं सामान विकायला काढलं होतं, त्यातला. दोन्ही हातांनी छातीशी धरून, कोणी वाटेत आडवं येऊ नये अशा बेताने तो जिना चढला. टेबलावर ठेवला तर टेबलावर दुसरं काही राहिना. चोवीस भोकं. घरात माणसं पाच.

"बाकीच्या भोकांचं काय करायचं?" मी विचारलं. "उंदीर बसवायचे?"

"आई, ह्याला स्केल म्हणतात. उद्या वाढायचं झालं तर?"

"आज उभं राहायचंय हो त्यांना."

त्याने डबा चालू केला आणि आमचं बोलणं बंद झालं. बंद म्हणजे, ऐकूच येईना. आत चार पंखे होते आणि चौघांना एकदमच काहीतरी सांगायचं होतं. कारखान्यात वाफेच्या इस्त्रीच्या खोलीत असा आवाज असतो, तिथे आम्ही खुणांनी बोलायचो. लेकीने हेडफोन लावून बघितला, काढला, पुन्हा लावला.

"बंद कर. मला ऐकायचं काम आहे."

"हेडफोन आहेत ना?"

"मास्तर हळू बोलतात. अरे, मला त्यांचे श्वाससुद्धा ऐकावे लागतात, वाक्य संपलं की नाही ते कळायला."

"सवय होते. मोठ्या ऑफिसांत असंच असतं."

"मोठ्या ऑफिसांत हा डबा वेगळ्या खोलीत कोंडलेला असतो," सून म्हणाली. "माझ्या भावाच्या ऑफिसात बघितलाय मी. त्या खोलीत कोणी बसत नाही."

जावयाने तिच्याकडे असं बघितलं की जणू खुर्ची बोलली. मी तोंड उघडणार होते, पण लेकीने डोळ्यांनी खुणावलं, राहू दे. नवरा-बायकोच्या मधे आईने पडलं की रात्री उशिरा त्याची भरपाई लेकीलाच करावी लागते, हे मलाही कळतं. मी गप्प बसले. मला गप्प बसणं शोभत नाही आणि पचतही नाही, पण बसले.

शेवटी डबा खोलीबाहेर बोळातल्या कपाटात गेला. माझ्या चादरी आणि उशांचे अभ्रे बाहेर निघाले, खुर्चीवर ढीग होऊन पडले. कपाटाचं दार उघडं ठेवावं लागे, नाहीतर डबा तापायचा. वायरी दाराखालून खोलीत नेल्या. तीन करड्या, एक पिवळी. पिवळी जावयाची. "आपली कुठली ते पटकन कळावं," तो म्हणाला. खोलीचं दार लावलं की आवाज जरा कमी व्हायचा. एवढ्यावर समाधान मानायचं होतं.

पण त्याचं समाधान झालं नव्हतं. लॅपटॉप घेऊन तो कपाटापुढे स्टुलावर बसला आणि डब्याला काहीबाही शिकवायला लागला.

"काय करताय?" सुनेने विचारलं.

"हा मॅनेज्ड आहे. ह्याच्यात सेटिंग असतात. ट्रॅफिकला शिस्त लावतोय."

"आणि पासवर्ड?"

"तुम्हाला कशाला? काही लागलं तर मला सांगा."

सून खाली आली आणि ताट जरा आपटूनच ओट्यावर ठेवलं. "आई, आपल्या कामाची किल्ली त्यांच्या खिशात आहे. मला हे आवडलेलं नाही." मलाही आवडलं नव्हतं. पण घरात कपाटाची किल्लीसुद्धा कोणाच्या तरी खिशात असतेच, असं म्हणून मी विषय सोडून दिला.

तास सकाळचा होता. नर्सिंगचं कॉलेज, हृदयाचा धडा. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर शेंगा सोलत बसले, म्हणजे कोणी वर यायला नको आणि आरडाओरडा करायला नको. जावई घरूनच काम करत होता. त्याला लेकीने सकाळीच बजावलं होतं. तो म्हणाला होता, मी माझ्या खोलीत आहे, तुम्हाला माझा आवाजसुद्धा यायचा नाही. खरं होतं ते. आवाज आला नाही.

दाराआडून बोटांचा आवाज येत होता. टाइपिंगमधलं मला काही कळत नाही, पण चालत्या हाताचा आवाज मला कळतो. माझ्या रांगेत कुठली मशीन अडखळली ते मी पाठ करून उभी असताना सांगायची. लेकीचा हात झरझर चालला होता, मग सुनेचा, तो जरा जड, मग पुन्हा लेकीचा. मधेच दोघी खुदकन हसल्या, मास्तरांनी काहीतरी विनोद केला असावा. मी शेंगा सोलत होते आणि मला बरं वाटत होतं.

आणि हात थांबला.

"आवाज तुटतोय," लेक. "झडपांबद्दल काहीतरी... नाही आलं. तुला?"

"मला 'डावीकडची' एवढंच आलं. ताई, आपलंही जात नाहीये. बघ, इथेच अडकलंय. अक्षरं तिकडे जातच नाहीयेत."

"फोन लाव त्यांना."

"फोनही त्याच डब्यावर आहे गं!"

मी शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि उठले. कपाटात डबा किंचाळत होता, दिवे लुकलुकत होते. सगळं जागच्या जागी होतं. मग मी जावयाच्या खोलीचं दार ढकललं. तो पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून बसला होता. पडद्यावर एक हिरवी पट्टी होती, ती गोगलगायीसारखी पुढे सरकत होती, आणि हा तिच्याकडे असा बघत होता जसं काही लेकरू पहिलं पाऊल टाकतंय.

"काय चाललंय हे?"

"व्हिडिओ चढतोय आई. ह्या स्विचचाच केलाय. नाव ऐका: 'घरच्या ऑफिससाठी योग्य स्विच मी कसा निवडला.'"

"थांबवा तो."

"आता? अर्ध्याच्या वर गेलाय. थांबवला तर पुन्हा पहिल्यापासून. त्याचं असं असतं आई, की फाइल जेव्हा..."

असं कसं असतं ते ऐकायला मी थांबले नाही. कपाटापाशी गेले. पिवळी वायर तर पटकन कळतच होती. ओढली. निघेना, खुंटीसारखं काहीतरी अडकलं होतं. मग पाय कपाटाला लावला आणि उपटली. त्या खुंटीचा तुकडा उडून माझ्या चादरींवर पडला. जावयाची वायर उपटायला शिक्षण लागत नाही, नुसतं मनगट लागतं.

आतून सुनेचा आवाज आला, "आलं! ताई, आलं, घे!" आणि लेकीचा हात परत चालू झाला. पण चालण्यातच कळत होतं की तो घाबरलाय.

तास संपल्यावर कॉलेजच्या बाईंचा फोन आला. लेकीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला, बहुतेक एकटीने ऐकवत नव्हतं म्हणून. बाई कडक होत्या, पण खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, अक्षरं मधेच थांबली, झडपांचा सगळा भाग मुलीला मिळालाच नाही, ती नुसती मास्तरांच्या तोंडाकडे बघत बसली होती. आम्ही दुसऱ्यांना बोलावणार होतो. पण मुलगीच म्हणाली, आणखी एकदा बघू या. कारण मास्तरांचा विनोद ह्यांनी जसाच्या तसा पाठवला. आधी जे आले होते ते विनोद गाळायचे, म्हणायचे तो धड्यात नाही. वर्ग का हसतोय ते तिला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. तर परवा पुन्हा एक तास. तो शेवटचा.

लेकीने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे वळली.

"तू काय केलं होतंस त्या डब्यात?"

"मी? प्राधान्यक्रम लावला होता."

"म्हणजे?"

"कोणाला पहिलं जाऊ द्यायचं ते ठरवता येतं. व्हिडिओला जास्त लागतं. अक्षरांना कितीसं लागणार? म्हणून माझा पोर्ट पहिला ठेवला, मोकळा. तुमच्या पोर्टांना पुरेल एवढं मोजून ठेवलं होतं."

"मोजून."

"पुरेल एवढं."

"पुरलं नाही."

"थेअरीत पुरायला हवं होतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "ते काही नाही, एक ओळ बदलतो. परवासाठी तुमचं पहिलं करून ठेवतो."

लेकीने नुसती 'बरं' म्हणून मान हलवली. तेच मला लागलं. केस न विंचरता बसायची ना, त्या दिवसांतला तिचा चेहरा मला परत दिसला. मी सुनेला म्हटलं, "चल गं. चपला घाल."

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, हातभर रुंद, छतापर्यंत खोकी रचलेली. दुकानदारीण चष्मा डोक्यावर ढकलून बसली होती. आम्हाला बघून तिने आधी सुनेला विचारलं, "किती यंत्रं जोडायची?" उत्तर यायच्या आत तिचा हात मोठ्या खोक्यावर. "हा सोळाचा घ्या. पुढेमागे लागतोच."

"पुढेमागे काय लागतो?" मी म्हटलं. "मला काय आणखी डझनभर सुना यायच्यात?"

"बरं, मग पाचाचा देऊ? सगळ्यांत छोटा."

"चार यंत्रं," सून म्हणाली, "आणि पाचवी खालून वर येणारी वायर. पाच भोकं तिथेच भरली. एखादं बिघडलं, नाहीतर तिसरी कोणी आमच्यात आली, तर? आठाचा द्या."

हे मला पटलं. शिवणीत आपण थोडं कापड जास्त धरतो, तसं. पण कोणी शिवणीला म्हणून अख्खा तागा ठेवत नाही.

तिने आठ भोकांचा डबा काढून दिला. एक प्लास्टिकचा, एक लोखंडी. प्लास्टिकचा हातात घेतला तर रिकाम्या काडेपेटीसारखा हलका, वायरी लावल्या तर वायरीच त्याला ओढत नेतील. लोखंडी ठेवला तिथे बसला. दुकानदारीण वेग सांगायला लागली, शंभर आणि हजार, सुनेने हजारवाला घेतला, ते तिचं तिला माहीत. मला दुसरंच विचारायचं होतं.

"पंखा आहे ह्यात?"

"नाही हो मावशी."

"लावून दाखवा."

तिने वायर खुपसली. हिरवा दिवा लागला. मी डबा उचलून कानाशी धरला, बाजूचं गिऱ्हाईक बघायला लागलं, बघू दे. काही नाही. आवाजच नाही.

"तापतो?"

"दिवसभर चालला तर कोमट होईल. तरी वर कापड-बिपड टाकू नका."

"पासवर्ड?"

"ह्याला पासवर्ड नसतो. ह्यात ठरवायला काही नाहीच."

"म्हणजे कोणी आत शिरून कोणाला पुढे, कोणाला मागे करू शकत नाही?"

तिला बहुतेक वाटलं मला मोठ्या डब्याचा मोह पडला. "नाही. तसं हवं असेल तर..."

"नको. हाच बांधा."

येताना सूनच म्हणाली, "आई, एक सांगू? हा डबा कोणाचा पक्ष घेणार नाही, पण घरात येणारी लाईन एकच आहे. भाऊजींनी परत तास चालू असताना व्हिडिओ चढवला तर तो लाईन भरून टाकणारच. डबा त्याला थांबवणार नाही."

"त्याला थांबवायला डबा कशाला हवा?" मी म्हटलं.

जावयाने छोटा डबा बघितला. शेजारच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दाराचा आवाज मोठा झाला. चोवीस भोकांचा डबा काढून आम्ही माळ्यावर टाकला, चादरी परत कपाटात गेल्या, आणि नवा डबा लेकीच्या टेबलावर कोपऱ्यात बसला. इतका गप्प, की सून अधूनमधून बोट लावून बघायची, जिवंत आहे ना.

पिवळी वायर खुंटी तुटलेली तशीच जमिनीवर पडली होती. ती कोणी लावली नाही.

दुसऱ्या तासाला मी परत पायरीवर बसले. ह्या खेपेला हातात काही घेतलं नाही, नुसते कान दाराला लावले. झडपांचा धडा मास्तरांनी पुन्हा घेतला, त्या मुलीसाठी. बोटं चालू झाली. लेक, सून, लेक, सून. एकदा लेकीला जोरात ठसका आला आणि हात थांबायच्या आत सुनेने वाक्य उचललं, मला बाहेर बसून ते कळलं. पण थांबलं काही नाही. शेवटपर्यंत नाही. बाईंचा फोन आला तेव्हा ह्या वेळी लेकीने तो कानालाच लावला. "हो," म्हणाली. "हो. सोमवारपासून. हो." मग फोन ठेवला, सुनेच्या पाठीत जोरात थाप मारली, आणि दोघी आधी हसल्या आणि मग पंचा कोणी ओला केला त्यावरून भांडल्या. मी चहा टाकला.

चहाच्या वासाने जावई बाहेर आला. कप घेतला, टेबलाला टेकून उभा राहिला आणि त्या छोट्या डब्याकडे बघितलं.

"अभिनंदन," तो म्हणाला. "जमलं म्हणायचं. अर्थात आज माझं काम मी पूर्ण बंद ठेवलं होतं, हेही लक्षात घ्या. एवढा त्याग दर वेळी होणार नाही. आणि वर्षभराचं काम म्हणजे सिरियस काम. त्याला हा अनमॅनेज्ड चालायचा नाही. ह्याला डोकंच नाहीये. उद्या मी तो मोठा पुन्हा लावतो, आणि माझी वायरही नीट करून..."

लेकीचा कप हातातच राहिला. सून माझ्याकडे बघायला लागली. लेकही माझ्याकडे बघायला लागली, पण ह्या वेळी डोळ्यांनी राहू दे म्हणाली नाही.

मी कप खाली ठेवला.

"जावईबापू," मी म्हटलं, "डोकं नाही म्हणूनच आणलाय तो. त्याला नवरा-बायको कळत नाही, साहेब-बिहेब कळत नाही. जो येईल त्याला जाऊ देतो. तुमच्या डब्यात डोकं होतं ना, ते तुमचं होतं, आणि त्या डोक्याने माझ्या लेकीला पुरेल एवढं मोजून दिलं. ह्या घरात तिला मी कधी काही मोजून दिलेलं नाही, आणि तुम्ही द्यायचं नाही. मोठा डबा तुमचा आहे, फ्लॅटवर न्या, मावशीला द्या, पण तो ह्या घरात लागणार नाही. आणि तुमची पिवळी वायर आजपासून हिच्या टेबलाच्या खणात. हिचा तास नसेल तेव्हा यायचं, दारावर टिचकी मारायची आणि मागायची. ती देईल तेव्हा घ्यायची."